सुपरमार्केटमधलं हायब्रिड ऑर्किड: निवडायचं कसं, ओळखायचं कसं, आणि नावाचा शोध कुठं थांबवायचा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. खिडकीत जांभळं ऑर्किड, मागे खोली तापवायचा रेडिएटर, खाली "हे कुठलं गं? नाव सांग ना." मी विचारते, कुंडीत खोचलेलं लेबल कुठंय? ते तर प्लॅस्टिकबरोबर टाकलं. झालं मग, आता नाव कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही आणि फोटो बघून नाव ओळखणारं ॲपही नाही, ते फक्त ठोकून देतं.

मी इंग्लंडमध्ये राहते, इथं दूध-ब्रेड घ्यायला गेलं की दारातच दहा-पंधरा पौंडांना ऑर्किडच्या कुंड्या मांडलेल्या असतात, त्यामुळे घरोघरी एक तरी असतंच. आणि घरोघरी त्याच चुका, फुलांवर भुलून घ्यायचं, घरी आल्यावर नाव शोधायचं, सगळ्यांना एकाच मापाने पाणी घालायचं. खरा क्रम उलटा आहे. आधी मुळं, मग ते कुठल्या गटातलं आहे ते, मग लेबल, आणि फूल शेवटी. नावाबद्दल जे काही कळणार असेल ते दुकानात उभं असतानाच कळतं, घरी आल्यावर फारच थोडं हाती लागतं.

१. निघायच्या आधी

घरात जागा कुठली ते ठरवा. पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम, दक्षिणेची असेल तर मध्ये पातळ पडदा हवा, आणि खिडकीखाली रेडिएटर असेल तर ती जागा बाद. जागा ठरली की काय घ्यायचं ते निम्मं ठरतं. सेंट्रल हीटिंगच्या फ्लॅटमध्ये फॅलेनॉप्सिस गटातलं ऑर्किड सुखाने राहतं, सिंबिडियम गटातलं नाही, त्याला शरद ऋतूत रात्री १० ते १४ अंशांचा गारवा मिळाला तरच पुढचा फुलांचा दांडा येतो.

फुलांची गाडी कुठल्या दिवशी येते ते दुकानातल्या माणसाला विचारा, सांगतात. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. चार-पाच दिवस दुकानात उभ्या असलेल्या झाडाला एक तर कुणी पाणी घातलेलं नसतं नाहीतर रोज घातलेलं असतं.

बरोबर काय न्यायचं? फोनची बॅटरी चार्ज असू दे कारण टॉर्च आणि कॅमेरा दोन्ही लागणार, आणि हिवाळा असेल तर एक मोठी पिशवी आणि जुना स्वेटर. स्वेटरचं पुढे सांगते.

२. दुकानात: झाडाच्या आधी त्याची जागा बघा

स्टँड सरकत्या दाराला लागून असेल तर हिवाळ्यात दर अर्ध्या मिनिटाला गार वारा त्या कळ्यांवर येतो. दुसरी वाईट जागा म्हणजे केळी-सफरचंदांच्या शेजारी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, आपल्याकडे केळी पिकवायच्या खोल्यांत सोडतात तोच, आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. झाड दुकानात ठणठणीत दिसतं, घरी आल्यावर आठवडाभरात सगळ्या कळ्या खाली, आणि आपण म्हणतो "मला नाही बाई जमत ऑर्किड". तुमचा काही दोष नसतो, बिघाड आधीच झालेला असतो.

> तपासा: दांड्याच्या टोकाकडच्या सगळ्यात लहान कळ्या बघा. त्या हिरव्या आणि टणक हव्यात. पिवळट किंवा सुरकुतलेल्या असतील तर ते झाड सोडा, शेजारचं बघा.

३. मुळं आधी, फुलं शेवटी

याच क्रमाने बघा, एका झाडाला दोन मिनिटं पुरतात.

बाहेरची शोभेची कुंडी असेल तर आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलून बाहेर काढा. लाजू नका, कुणी काही म्हणत नाही. खाली पाणी साचलंय का बघा, शोभेच्या कुंडीला भोक नसतं आणि बहुतेक ऑर्किड मरतात ती त्या साचलेल्या पाण्यात. मग पारदर्शक कुंडीतून टॉर्च मारा. कोरडी मुळं चांदीसारखी करडी, ओली असतील तर हिरवी, आणि दोन्ही वेळा जाडजूड, भरलेली. तपकिरी, चपटी, आतून पोकळ म्हणजे सडलेली. दोन-चार मुळं वाईट असली तर चालतात, निम्म्याहून जास्त असतील तर ठेवा परत. कुंडीबाहेर हवेत लोंबणारी मुळं बघून लोक घाबरतात, ती रोगाची खूण नाही, झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडची ती सवयच आहे.

आता झाड बुडाशी दोन बोटांत धरून अगदी हळू हलवा. कुंडीत डगमगत असेल तर आत मुळं नाहीत, वरची फुलं कितीही असोत.

पानं घट्ट आणि ताठ हवीत. चामड्यासारखी लोंबणारी असतील तर लोक म्हणतात पाणी कमी पडलंय, पण बऱ्याचदा उलटं असतं, पाणी जास्त होऊन मुळं गेलेली असतात आणि म्हणून झाड तहानलेलं दिसतं. वरच्या दोन पानांच्या मधल्या खोबणीत डोकावून बघा. फॅलेनॉप्सिसचं वाढीचं टोक तिथंच असतं आणि ते एकच असतं. तिथं पाणी साचून काळं पडलं असेल तर खेळ संपला.

मग कीड. पानाच्या मागच्या बाजूला आणि फुलाच्या मागे, पाकळ्या दांड्याला जुळतात त्या सांध्यात. कापसाचा बारीक बोळा चिकटल्यासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, तपकिरी उंचवटे नखाने खरवडून निघाले तर खवले कीड. दोन्ही घरी आणायच्या लायकीचे नाहीत, डिस्काउंट असला तरी नाहीत.

आणि आता फुलं बघा. साधारण एक तृतीयांश उमललेली आणि बाकी कळ्या असं झाड निवडा. सगळ्या कळ्याच असतील तर जागा बदलल्यावर गळायची भीती असते, सगळी फुलंच असतील तर तुमच्या वाट्याला दिवस कमी.

४. गट ओळखा, बिल करायच्या आधी

इथं थोडं थांबून सांगते कारण सगळा घोळ इथंच होतो. गट म्हणजे फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम वगैरे, तुमचं पाणी, ऊन, गारवा सगळं त्यावर ठरतं. हायब्रिडचं पूर्ण नाव कळलं नाही तर काही बिघडत नाही, गट चुकला तर मात्र झाड जातं. आणि गट फुलावरून ओळखायचा नाही, झाडाच्या बांध्यावरून ओळखायचा.

पहिला प्रश्न: पानांच्या बुडाशी फुगीर खोड आहे का?

*फुगीर खोड नाही, रुंद मांसल पानं दोन बाजूंना, दांडा पानाच्या बगलेतून*: फॅलेनॉप्सिस. सुपरमार्केटमधल्या कुंड्यांपैकी बहुतेक सगळ्या याच, लोक नुसतं फॅल म्हणतात.

*फुगीर खोड नाही, पट्ट्यासारखी पानं, बहुधा कुंडीच नाही, काचेच्या भांड्यात लोंबती मुळं*: व्हँडा. देखणं असतं पण रोज मुळं भिजवायची तयारी असेल तरच घ्या.

*फुगीर खोड नाही, फुलाला खाली पिशवी किंवा सपाता*: पॅफिओपेडिलम, स्लिपर ऑर्किड. पानांवर ठिपकेदार नक्षी असलेलं घरातल्या ऊबेत बरं राहतं.

*उसासारखी कांडी, कांड्यावर पेरं*: डेंड्रोबियम. इथं अजून एक पायरी आहे आणि ती चुकवू नका. फुलं पेरापेरावर, कांडीला चिकटून आली असतील तर ते नोबिले जातीचं. फुलं कांडीच्या टोकाकडून निघालेल्या लांब दांड्यावर असतील तर ते डेन-फॅल, म्हणजे फॅलेनॉप्सिससारखं दिसणारं डेंड्रोबियम. फुलाच्या मागे हनुवटीसारखा टोकदार भाग दिसला की डेंड्रोबियम हे पक्कं, फॅलच्या फुलाला तो नसतो.

*चपटे, अंड्यासारखे फुगीर कंद, दांडा कंदाच्या बुडाशी पानाच्या आवरणातून*: ऑन्सिडियमचं खानदान. लेबलवर कॅम्ब्रिया लिहिलेलं असतं ते यातलंच. कॅम्ब्रिया हे मुळात एकाच हायब्रिडचं नाव, पण बाजारात त्या घराण्यातल्या सगळ्या मिश्रणांना सरसकट कॅम्ब्रिया म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

*फिकट पातळ पानं, पॅन्सीसारखा चेहरा असलेलं सपाट फूल*: मिल्टोनिऑप्सिस. पानं हार्मोनियमच्या भात्यासारखी चुणीदार झाली असतील तर झाड बरेच दिवस तहानलेलं होतं.

*लांब गवतासारखी पानं, मोठे कंद, मेणासारखी जाड फुलं*: सिंबिडियम.

*हिरवी-तपकिरी फुलं, खालचा ओठ (म्हणजे मधली, वेगळ्या घडणीची पाकळी) जांभळ्या रेघांचा, वास जोरदार*: झायगोपेटलम.

आणि फुलांपेक्षा पानंच देखणी, मखमली काळपट, त्यावर तांबूस रेघा, अशी कुंडी दिसली तर ती लुडिसिया.

> सावधान: डेन-फॅल आणि नोबिले यात गफलत झाली की वर्षभर फुलं नाहीत. नोबिलेला हिवाळ्यात गारवा आणि पाण्याला जवळजवळ सुट्टी लागते, ती दिली नाही तर कळ्यांच्या जागी पेरावर छोटी रोपं फुटतात. डेन-फॅलला तोच गारवा दिला तर ते कुढतं.

मुंबई-कोकणातल्यांसाठी एक गोष्ट, तुमच्याकडे हे सगळं उलट होतं. इथं मला डेन-फॅल आणि व्हँडा जगवायला आटापिटा करावा लागतो, तुमच्या बाल्कनीत ते मजेत राहतात. मिल्टोनिऑप्सिस आणि सिंबिडियम मात्र तुमच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, फोटो बघून ऑनलाइन मागवू नका.

५. निळं ऑर्किड: एक मिनिट थांबा

शाईसारखं झगझगीत निळं फॅल दिसलं की दांडा बुडापासून वरपर्यंत नीट बघा. कुठंतरी बारीक भोक आणि त्यावर मेणाचा ठिपका सापडेल. पांढऱ्या फुलाच्या झाडाला दांड्यातून रंग चढवलेला असतो. मी पहिल्या वर्षी घेतलं होतं, भोकाभोवती दांडा निळसर पडलेला, मला वाटलं त्याची जातच तशी. पुढच्या वर्षी नवा दांडा आला, फुलं स्वच्छ पांढरी, आणि सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "अगं धुतलंस की काय?"

रंगवलेलं घेऊ नका असं नाही, पण तो रंग एकाच बहराचा असतो हे माहीत असू दे, आणि लेबलवर त्याचं नाव म्हणून "निळं" लिहू नका.

६. लेबल आणि फोटो, अजून दुकानातच

आता निवडलेल्या झाडाची कागदपत्रं. कुंडीवर किंवा खोचलेल्या पट्टीवर प्लांट पासपोर्ट नावाचा छोटा चौकोन असतो, त्यात ए, बी, सी, डी अशा चार ओळी. लोक यातली सगळ्यात गूढ दिसणारी ओळ जातीचं नाव म्हणून लिहून घेतात. खरं असं आहे:

ए म्हणजे वनस्पतीचं नाव, पण बहुतेक वेळा नुसता गट, फॅलेनॉप्सिस एवढंच. बी म्हणजे पासपोर्ट देणाऱ्या उत्पादकाचा किंवा आयातदाराचा नोंदणी क्रमांक, त्याच्या आधी देशाची अक्षरं. सी म्हणजे त्या मालाचा माग काढायचा कोड. डी म्हणजे मूळ देश, तिथं एनएल दिसलं तर नेदरलँड्स. हे चौकोन रोगराईचा माग काढण्यासाठी आहेत, तुमच्या आमच्या हौसेसाठी नाहीत, पण उत्पादक कोण ते कधीकधी त्यातून कळतं आणि ते पुढे उपयोगी पडतं.

प्लॅस्टिकच्या आवरणावर कधी एखादं झोकदार नाव छापलेलं असतं. ते बहुधा विक्रीचं नाव, आणि कधीकधी एकाच नावाखाली चार रंगांची झाडं असतात, म्हणजे ते जातीचं नाव नाहीच. तरीही फोटो काढा.

फोटो किती काढायचे? मी सहा काढते: आवरण, पासपोर्ट, फूल समोरून, फूल बाजूने, ओठाचा अगदी जवळून, आणि पूर्ण झाड पानांसकट. फुलाशेजारी बोट किंवा नाणं ठेवा, नाहीतर ५ सेंमीचं फूल आणि १० सेंमीचं फूल फोटोत सारखंच दिसतं.

> तपासा: शेल्फवरच्या शेजारच्या कुंड्यांतलं लेबल वाचा. तुमच्या कुंडीतलं पडलेलं असेल आणि अगदी तस्संच फूल असलेल्या शेजारच्या कुंडीत नाव असेल तर त्याचा फोटो घ्या. मात्र दोन्हींचा पासपोर्टमधला सी कोड जुळतो का ते बघा.

स्वस्तातल्या रॅकबद्दल. इथला मदर्स डे बहुधा मार्चमध्ये असतो, तो झाला की फुलं संपलेली झाडं दोन-तीन पौंडांत मिळतात. मुळं चांगली असतील तर खुशाल घ्या. फूल नसताना रंगाचा अंदाज घ्यायचा असेल तर पान उलटं करून बघा, मागून लालसर-जांभळं असेल तर फूल बहुधा गुलाबी किंवा जांभळं, नुसतं हिरवं असेल तर पांढरं किंवा पिवळं असायची शक्यता जास्त. अंदाजच आहे, पैज लावू नका.

७. बिलापासून घरापर्यंत

आता तो स्वेटर. आवरण काढू नका, वरचं तोंड दुमडून टेपने बंद करा, पिशवीत ठेवा, भोवती स्वेटर. फॅलला १५ अंशांखाली बरं वाटत नाही आणि जानेवारीत गाडीची डिकी फ्रिजच असते. झाड डिकीत टाकून पुढे दोन दुकानं फिरून येऊ नका. ऑर्किड शेवटी घ्यायचं आणि सरळ घरी यायचं, उन्हाळ्यातही तेच, बंद गाडीत अर्ध्या तासात शिजतं.

> सावधान: "सुट्टीत घरी जाताना सुटकेसमधून एक नेऊ का?" नाही. भारतात जिवंत रोप न्यायला प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ प्रमाणे आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोप रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला, लागतं. विमानतळावर काढून घेतात.

८. पहिले चार आठवडे

बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवता आलं तर फार चांगलं. दर चार दिवसांनी पानामागे बघा, पिठ्या ढेकूण दिसला तर इअरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. कात्री वापरायची असेल तर आधी ज्योतीवर धरा, ऑर्किडचे विषाणू कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्याला औषध नाही.

पाणी लगेच घालू नका. मुळं चांदीसारखी झाल्यावर आतली कुंडी १०-१५ मिनिटं पाण्यात ठेवा, काढा, पूर्ण निथळू द्या, मगच शोभेच्या कुंडीत परत. आठवड्याचा ठरलेला वार नको, मुळांचा रंग बघा. आमच्याकडे नळाचं पाणी एवढं जड आहे की केटलमध्ये महिन्यात पांढरा थर बसतो, तोच मुळांवरही बसतो, म्हणून मी पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवते. खोबणीत पाणी गेलंच तर टिश्यूचं टोक घालून शोषून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तिसरं झाड मेल्यावर कळलं. झाड वरून बरं, बाहेरची मुळं हिरवी, तरी पान पिवळं पडत चाललेलं. शेवटी कुंडी उपडी केली, साल (मातीऐवजी भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे) झटकली, तर मधोमध चहाच्या पिशवीएवढा मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, गच्च गोळा. पिळला तर पाणी निघालं, दहा दिवस पाणी घातलेलं नसताना! आतली मुळं काळी आणि वास कुजक्या पालापाचोळ्याचा. रोप लहान असताना त्या गोळ्यात वाढवतात आणि पुढे गोळ्यासकटच सालीच्या कुंडीत बसवतात. नर्सरीत पाण्याचं माप बांधलेलं असतं म्हणून चालतं, आपल्या खिडकीत बाहेरची साल कोरडी दिसते, आपण पाणी घालतो, आणि मधला गोळा कधीच वाळत नाही. कधी त्याभोवती बारीक प्लॅस्टिकची जाळीही असते.

फुलं असताना हात लावू नका. फुलं संपली की कुंडीतून काढा, गोळा पाण्यात भिजवून चिमट्याने किंवा बोटांनी हळूहळू सुटा करा, जाळी कापून काढा, सडलेली मुळं छाटा, नव्या सालीत बसवा. कुंडी मोठी नको, आहे त्याच मापाची. अपवाद एकच: कुंडीला कुजका वास येत असेल तर फुलांची पर्वा न करता लगेच करा.

आणि आपली लाल माती तर अजिबात नाही. एक काकू गुलाबासारखं मातीत लावून, वर शेणखत घालून बसल्या होत्या. झाड टिकलं तीन आठवडे.

९. नावाचा शोध, आणि तो कुठं थांबवायचा

आधी नाव वाचायचं कसं. उदाहरण घ्या: फॅलेनॉप्सिस सोगो युकिदियान 'व्ही३'. पहिला शब्द गट. मधलं सोगो युकिदियान हे ग्रेक्सचं नाव, म्हणजे ठरावीक दोन आईबापांपासून झालेल्या सगळ्या पोरांचं सामाईक नाव. शेवटचं एकेरी अवतरणातलं 'व्ही३' म्हणजे त्या पोरांपैकी निवडलेलं एकच झाड आणि टिश्यू कल्चरने केलेल्या त्याच्या नकला. जळगावच्या केळीवाल्याला हे समजवावं लागत नाही, जी-९ ची लाखो रोपं म्हणजे एकच झाड. सुपरमार्केटमधल्या फॅलचंही तसंच.

अडचण इथं आहे. एकाच ग्रेक्सची भावंडं एकमेकांपेक्षा निराळी दिसतात, एक फिकट, एक ठिपक्यांचं. आणि वेगवेगळ्या घरांतली दोन झाडं हुबेहूब सारखी. हायब्रिडची जागतिक नोंदवही लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे असते, त्यात लाखाच्या वर ग्रेक्स आहेत, नावावरून किंवा आईबापांवरून ऑनलाइन शोधता येतं. पण फूल दाखवून शोधता येत नाही. शिवाय मोठे उत्पादक आपली कितीतरी झाडं तिथं नोंदवतच नाहीत, फक्त विक्रीचं नाव देतात.

मी एकेकाळी घरातल्या प्रत्येक मोठ्या पांढऱ्या फॅलवर सोगो युकिदियान असं लिहून ठेवलं होतं. एका हिवाळ्यात तिन्ही एकदम फुलली, शेजारी ठेवली, तर एकाच्या ओठाच्या आत पिवळा रंग आणि लाल रेघा, दुसऱ्याचा ओठ जवळजवळ कोरा, तिसऱ्याच्या पाकळ्या सुट्या-सुट्या. ओल्या कापडाने तिन्ही पट्ट्या पुसल्या.

म्हणून शोध या क्रमाने करा:

पहिलं, लेबलवर पूर्ण नाव आहे? नोंदवहीत टाका, आईबाप बघा, त्यांचे फोटो तुमच्या फुलाशी जुळतात का बघा. जुळलं तर लिहा. झालं.

दुसरं, फक्त विक्रीचं नाव आणि उत्पादक आहे? उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. सापडलं तर विक्रीचं नाव म्हणूनच लिहा, नोंदलेलं नाव असल्यासारखं नाही.

तिसरं, काहीच नाही? मग घराण्याचा अंदाज घ्या, तो घेता येतो आणि त्यात मजा आहे. (पुढची नावं फॅलच्या मूळ जंगली जातींची.) ओठाच्या टोकाला दोन मिशा असतील तर ॲमाबिलिस-ॲफ्रोडाइटीच्या बाजूचं रक्त. दांड्याला फाटे आणि पुष्कळ छोटी फुलं असतील तर इक्वेस्ट्रिस. पानांवर चंदेरी नक्षी असेल तर शिलेरियाना किंवा स्टुअर्टियाना. फूल मेणासारखं, चांदणीच्या आकाराचं, वासाचं, दांडा आखूड, तर व्हायोलासिया-बेलिना वगैरे मंडळी, आणि यांचा दांडा हिरवा असेपर्यंत कापू नका, त्याच टोकाला पुन्हा कळ्या येतात.

काही झाडं इतकी विकली जातात की बांधा, फूल आणि वास तिन्ही जुळले तर अंदाज बराच पक्का होतो. गडद तांबूस छोटी फुलं आणि चॉकलेटचा वास, तर ऑन्सिडियम शॅरी बेबी. नखाएवढ्या फुलांचा घोस आणि गोड वास, तर ऑन्सिडियम ट्विंकल. पण तिथंही मी शेवटी प्रश्नचिन्ह लावते.

> सावधान: जुन्या लेबलवर डोरिटिनॉप्सिस लिहिलं असेल तर गोंधळू नका, डोरायटिस हा गट फॅलेनॉप्सिसमध्ये मिसळला, त्यामुळे त्याला आता फॅलेनॉप्सिसच म्हणतात. ऑन्सिडियमच्या घराण्यातही नावांची अशी बरीच उलथापालथ झालीय.

१०. तुमची स्वतःची पट्टी

पेन्सिलने लिहा. मार्करचं लिखाण उन्हात वर्षभरात उडतं, पेन्सिल टिकते. माझ्या पट्टीवर असं असतं: "फॅल हायब्रिड, नाव नाही. गुलाबी, रेघा, फूल ७ सेंमी. इक्वेस्ट्रिस? घेतलं १२ मार्च २०२३." मागच्या बाजूला पासपोर्टचे बी आणि सी कोड. दुसरी तशीच पट्टी कुंडीच्या आत, सालीत खुपसून, कारण वरची कुणीतरी उपटतंच, आमच्याकडे मुलगा आणि मांजर दोघंही. आणि पट्टी झाडाबरोबर फिरते, कुंडीबरोबर नाही. कुंडी बदलताना दोन झाडं एकदम टेबलावर घेऊ नका, एवढं केलं तरी निम्म्या अदलाबदली टळतात.

"नाव नाही" लिहायला लोकांना कमीपणा वाटतो, म्हणून ॲपने सुचवलेलं काहीतरी लिहून टाकतात. मग झाडाचं पोर कुणाला तरी देतात, ती व्यक्ती तेच नाव पुढे लावते, फोटो टाकते, आणि उद्या ॲप तोच फोटो बघून तुम्हाला तेच चुकीचं नाव सांगतं.

पुढचा बहर आला की त्याच सहा बाजूंनी फोटो काढा आणि दुकानातल्या फोटोंशी ताडून बघा. फूल थोडं लहान किंवा फिकट आलं तर घाबरू नका, ऊन आणि गारवा बदलला की रंग आणि ठिपके बदलतात. ओठाचा आकार आणि त्यावरची नक्षी मात्र सहसा बदलत नाही. तीच वेगळी दिसली तर पट्ट्या अदलाबदल झाल्यात, शेजारची कुंडी तपासा.